तोंगियाने समुद्रातून काय आणलं

नवराबायकोच्या भांडणात माणूस काय बोलून बसेल याचा नेम नसतो. तोंगिया समुद्राच्या तळाशी जाऊन येतो असं बोलून बसला, आणि तेही सकाळी, नाश्ता झाल्यावर, पोट भरलेलं असताना. रिकाम्या पोटी बोलला असता तर एक वेळ समजून घेता आलं असतं.

भांडण ऑकलंडवरून होतं. भर महासागरातल्या नियुए बेटावर नवराबायको दुसऱ्या कशावरून फारसं भांडत नाहीत. बेटावर माणसं जेमतेम दीड हजार, आणि बेटाची म्हणून जी माणसं ऑकलंडला जाऊन राहिली ती कितीतरी पट. प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी तिकडे, आणि जे इकडे उरलेत ते कधी जाणार याची चौकशी दर शुक्रवारी विमान उतरलं की होतेच. तोंगिया आणि सिआले यांची एकुलती एक मुलगी, एनेलीसी, तिकडे नर्स होती. तिला सप्टेंबरात पहिलं मूल व्हायचं होतं. तिनं आईवडिलांची दोन तिकिटं काढून पाठवली होती, फक्त जायची.

तोंगिया बेटाच्या रेडिओवर हवामान आणि सूचना वाचायचा. एकोणतीस वर्षं. "वारा आग्नेयेकडून, समुद्र मध्यम," हे तो अशा संथ, भरल्या आवाजात म्हणायचा की दुपारी अर्धं बेट त्या आवाजावर डोळे मिटायचं. कधी कधी तोही मिटायचा, आणि मग रेडिओवर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज यायचा. कोणी तक्रार केली नाही. त्याच्या राजीनाम्याचं पत्र सिआलेनं स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून साखरेच्या बरणीखाली ठेवलं होतं. सही तेवढी राहिली होती, आणि ऑगस्ट संपायच्या आत ते पोचवायला हवं होतं.

"इथे असं काय आहे, जे तिथे नाही?" सिआलेनं विचारलं.

"आपलं अळू."

"तिथल्या बाजारात मिळतं. आपल्याच लोकांच्या हातचं."

"चर्च."

"आपली तीन आहेत तिथे. खुर्च्यांना गाद्या आहेत."

"लुपो आहे."

लुपो म्हणजे शेजारी. सिआलेनं खिडकीतून बाहेर पाहिलं. लुपो कुंपणावर कोपर टेकून हे सगळं ऐकत होता. त्यानं हात हलवला. "लुपो हे जायचं कारण झालं," ती म्हणाली.

तोंगियानं मग हुकमाचं पान काढलं. "समुद्र. आपला समुद्र तळापर्यंत दिसतो. नदी नाही, नाला नाही, गढूळपणा नाही. जगात असं पाणी नाही."

"तू पाहिलायस तळ?"

इथे तोंगिया अडकला. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत तो समुद्रात पोहला होता, होडी वल्हवली होती, खडकावर उभं राहून गळ टाकला होता. पण समुद्राची वरची बाजू सोडून त्यानं काही पाहिलेलं नव्हतं. लांबलांबचे पर्यटक तीन-साडेतीन तास विमानात बसून यायचे, पाठीला हवेचं सिलिंडर बांधून खाली जायचे आणि वर येऊन अशा चेहऱ्यानं हॉटेलच्या पायरीवर बसायचे की जणू कोणी त्यांना चांगली बातमी सांगितली आहे. एकानं तर त्याला विचारलंही होतं, "तुम्ही किती भाग्यवान, रोज पाहत असाल?" तोंगिया तेव्हा हो म्हणाला होता. त्या होकाराचं ओझं त्याच्या मनावर होतं.

"जाऊन येतो तळाशी," तो म्हणाला.

"जा," सिआले शांतपणे म्हणाली. "आणि परत आलास की मला सांग तिथे काय आहे. ऑकलंडला मिळणार नाही असं एक जरी काही असलं तरी मी हे पत्र फाडते. नसलं तर तू सही करायचीस, आणि तिथे पोचल्यावर तोंड वाकडं करायचं नाहीस."

"ठरलं," कुंपणावरून लुपो म्हणाला.

*

माणसाला पाण्याखाली पाठवायची सोय बेटावर लोसा करायची. लोसा त्यांच्याच गावची, ऑकलंडला वाढलेली आणि उलट्या दिशेनं, म्हणजे तिकडून इकडे राहायला आलेली. त्यामुळे गाव तिच्याकडे थोडं काळजीनं पाहायचं. तिनं तोंगियाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि एक फॉर्म दिला.

"तोंगियाकाका, डॉक्टरची सही लागेल. दमा, हृदय, कान, आणि वजन."

दमा, हृदय आणि कान दवाखान्यात दहा मिनिटांत उरकलं. अडलं वजनापाशी. दवाखान्यातल्या काट्यावर एकशेवीसपर्यंतच आकडे होते. काटा एकशेवीसला जाऊन टेकला आणि थरथरत तिथेच थांबला. नर्स तोंगियाची मामेबहीण. ती म्हणाली, "अंदाजे लिहिता येणार नाही. शुक्रवारी विमानतळावर जा. सामानाचा काटा मोठा आहे."

शुक्रवारी विमानतळावर बेटावरचं एकूण एक माणूस असतं. ज्याचं कोणी यायचं नसतं, तोही कोण येतंय ते बघायला जातो. अशा गर्दीत, अळकुड्यांनी भरलेली खोकी आणि नारळखेकड्यांचे थंड डबे यांच्यामध्ये, तोंगिया चपला काढून सामानाच्या काट्यावर उभा राहिला. आयुष्यभर ज्याचा आवाज लोकांनी अदबीनं ऐकला, त्याच्या वजनाचा आकडा तांबड्या दिव्यांत उमटला: एकशे एकतीस. मागच्या रांगेतून कोणीतरी तो मोठ्यानं वाचला, ऐकू न येणाऱ्यांच्या सोयीसाठी.

"मला वाटलं होतं याहून जास्त भरशील," लुपोनं सांत्वन केलं.

काट्यामागच्या कारकुनानं फॉर्मवर शिक्का मारला आणि वीस वर्षांच्या सवयीनं, मान वर न करता, तोंगियाच्या मनगटाला सामानाची चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर ऑकलंड लिहिलं होतं. ऑकलंडला जायला लागू नये म्हणून चाललेल्या माणसाला हे लागलं. त्यानं ती ओढून पाहिली, पण असल्या चिठ्ठ्या ओढून निघत नाहीत. सिआलेनं घरी ती कात्रीनं कापली आणि साखरेच्या बरणीखाली, पत्राशेजारी जपून ठेवली, तेच जास्त झोंबलं.

तोपर्यंत गावात सल्ल्यांना ऊत आला होता. समुद्रात घोट्याच्या वर कधी न भिजलेले लोक जास्त सल्ले देत होते. लुपोनं सांगितलं, साप दिसला तर त्याच्या डोळ्यात बघू नकोस, तो ओळख ठेवतो. पाद्रीबुवांच्या बायकोनं कानात घालायला खोबरेल दिलं. एकानं सांगितलं, भरपूर जेवून जा म्हणजे लवकर बुडशील. दुसऱ्यानं सांगितलं, उपाशी जा म्हणजे लवकर वर येशील. दोन्ही गोष्टी हव्याच असल्यामुळे तोंगिया विचारात पडला. त्या आठवड्यात त्यानं हवामान वाचताना दोनदा "समुद्र खोल" असं म्हटलं.

मग गावची पंचायत बसली. कारण असं की गावासमोरचा खडक त्या महिन्यात बंद होता. मासे वाढावेत म्हणून समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी नारळाची झावळी बांधली होती, आणि झावळी बांधली की कोणी पाण्यात गळ टाकत नाही, मग तो कोणी का असेना. प्रश्न एवढाच होता की पाण्याखाली जाऊन नुसतं बघणं ही मासेमारी होते का. यावर दोन तास चर्चा झाली. पाद्रीबुवा अध्यक्ष होते. त्यांचं म्हणणं, बघणं ही मासेमारी नव्हे, पण तोंगिया इतका मोठा माणूस आहे की त्याच्या बघण्यानंही मासे दचकतील. शेवटी ठराव झाला: तोंगियानं रविवार सोडून कधीही जावं, दोन्ही हात रिकामे घेऊन जावं आणि रिकामेच घेऊन यावं.

"माझी हरकत आहे," लुपो उठून म्हणाला. "रिकामे हात घेऊन तो वाट चढणार कशी?"

मुद्दा खरा होता. समुद्राकडून वर येणाऱ्या त्या खडकाळ वाटेवर जो कोणी भेटेल त्याला आपल्या माशांतला वाटा द्यायचा, ही त्या गावची रीत. मागावा लागत नाही, आणि नाही म्हणायची सोय नाही. एकाला देऊ केलेला मासा दुसऱ्याला द्यायचा नाही. शेवटी जे उरेल ते घरी. एखाद्याला काहीच मिळालं नसेल तर तो अंधार पडेपर्यंत खालीच बसतो, म्हणजे कोणाला अवघड वाटायला नको. भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोणी रिकामा वर आल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं.

"ते पुढचं पुढे बघू," पाद्रीबुवांनी ठरवलं. पंचायतीत जे जमत नाही ते पुढेच बघतात.

*

लोसाकडचा सगळ्यात मोठा रबरी सूट तोंगियाच्या अंगात गेला, पण पोटावर मिटला नाही. वीतभर फट राहिली. तोंगियानं श्वास आत ओढून पाहिला, लुपोनं गुडघा टेकवून ओढून पाहिला. शेवटी तो तसाच, मधून उघडा, गावातून चालत घरी आला. रस्त्यात भेटलेल्या प्रत्येक गाडीनं रीतीप्रमाणे हात केला आणि त्यानंही केला. बेटावर समोरून येणाऱ्याला हात न करणं म्हणजे भांडण काढणं. पण त्या दिवशी हात करताना त्याला जरा जड गेलं.

सिआलेनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. ती या सगळ्याच्या विरुद्ध होती. ज्या दिवशी तो खाली जाऊन रिकाम्या मनानं वर येईल त्या दिवसाची ती वाट पाहत होती, म्हणजे निदान तसं म्हणत तरी होती. पण सिआलेचा नवरा फाटका समुद्रात गेला असं कोणी म्हटलेलं तिला चाललं नसतं. तिनं स्वयंपाकघराचा पिवळ्या फुलांचा पडदा उतरवला, त्याची दुहेरी पट्टी केली आणि मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्यानं, दाभणानं, सुटाच्या दोन कडांना शिवली. माप घ्यायला फीत पुरेना, म्हणून तिनं हातांनी वेढा घालून घेतलं. बरीच वर्षं तसा वेढा पडला नव्हता.

"हलू नकोस," ती तेवढं म्हणाली.

शिकवणी खडकातल्या शांत डबक्यात झाली. पाणी छातीइतकं. लोसानं शिकवलेलं सगळं तोंगियाला पटकन आलं, एक सोडून. त्याला गप्प बसता येईना. तोंडात नळी असतानाही तो बोलायचा, आणि त्याच्या डोक्यावर पाण्याला उकळी फुटायची.

"काका, खाली बोलायचं नाही."

"मग काही विचारायचं झालं तर?"

"विचारायचं नाही."

"आणि काही सांगायचं झालं तर?"

"वर येऊन सांगायचं." लोसानं त्याचा वर गेलेला हात खाली केला. "आणि प्रत्येक माशाला हात करू नका. हवा संपते."

"समोरून येतो तो," तोंगिया म्हणाला. त्याच्या दृष्टीनं विषय तिथेच संपला होता.

*

गुरुवार उजाडला. महिना संपायला दोन दिवस. समुद्र असा सपाट होता की तोंगियाला सकाळी रेडिओवर "समुद्र मध्यम" म्हणताना पहिल्यांदाच आपण खोटं बोलतोय असं वाटलं.

"मी येणार नाही बघायला," सिआलेनं सकाळीच सांगून टाकलं होतं. "मला अळूचे कंद भाजायला भट्टी लावायची आहे. दगड तापायला वेळ लागतो."

बाकीचं गाव मात्र वाटेवर जमलं होतं. छत्र्या होत्या, खाली अंथरायला चटया होत्या, कोणी पपई कापून आणली होती. समोरच, हाकेच्या अंतरावर, लोसाची बोट उभी राहिली. तोंगियानं सिलिंडर चढवलं, पायात पंख घातले, पोटावरची पिवळी फुलं नीट केली आणि दोन्ही हातांनी मास्क धरून मागच्या मागे पाण्यात पडला.

आणि बुडालाच नाही. पाण्यावर पालथा, हातपाय पसरून, नुसता तरंगत राहिला. लोसानं बोटीतली सगळी शिशाची वजनं त्याच्या कमरेला बांधली, तरी तो तरंगतच होता. काठावर कुजबुज सुरू झाली. पाद्रीबुवांच्या बायकोनं वेळ जावा म्हणून एक स्तोत्र धरलं आणि बाकीच्या बायकांनी खालचे सूर लावले. तोंगियाला पाण्यात तोंड घालून आपल्यासाठी चाललेलं स्तोत्र ऐकू येत होतं, आणि ते साधारण कोणत्या प्रसंगी म्हणतात हेही त्याला ठाऊक होतं. शेवटी लुपो घरी धावत गेला आणि आजोबांच्या काळातली जाळ्याची शिसं एका मोज्यात भरून घेऊन आला. तो मोजा कमरेला बांधला तसा तोंगिया सावकाश, पाय खाली करून, उतरायला लागला. स्तोत्राचं दुसरं कडवं अर्धंच ऐकू आलं.

मग आवाज गेले. आपला श्वास तेवढा राहिला, आत येताना किंचित शिट्टी वाजवणारा, बाहेर जाताना बुडबुड्यांचा. आपण श्वास घेतो हे तोंगियाला छप्पन्न वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तो आता ऐकत होता, जसं दुपारी लोक त्याला ऐकायचे, आणि त्याच्याही पापण्या जड व्हायला लागल्या.

खालचा खडक भेगांनी चिरलेला होता, आणि प्रत्येक भेगेत उन्हाचा एकेक पडदा सोडलेला होता. लोसानं त्याला एका भेगेतून नेलं. तो तिथे अडकेल असं सगळ्यांना, त्यालाही, वाटलं होतं. पण पाण्यात त्याचं वजनच उरलं नव्हतं. एकशे एकतीस किलो कुठे गेले कोण जाणे. तो बोटाच्या टोकानं खडकाला ढकलायचा आणि पलीकडे जायचा. पट्ट्यापट्ट्यांचे साप त्याच्या भोवतीनं सावकाश वर चालले होते, हवा घ्यायला, आणि हवा घेऊन परत येत होते. त्यांना कसलीच घाई नव्हती. एक त्याच्या मास्कपर्यंत आला. तोंगियानं लुपोचा सल्ला आठवून नजर चुकवली, मग न राहवून पाहिलं. साप त्याला नीट बघून निघून गेला. तोंगियानं त्याला हात केला.

एक कासव खडकाखाली झोपलं होतं. झोपेत ते थोडं तरंगायचं, वर खडकाला टेकायचं आणि परत खाली बसायचं. तोंगिया त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याला रेडिओवरच्या दुपारी आठवल्या. मग कुठूनतरी, लांबून, एक आवाज आला. इतका खोल की तो कानाआधी छातीत वाजला. तोंगियाला आधी वाटलं की पोट आहे. मग लोसानं बोट समोरच्या निळ्या पोकळीकडे केलं आणि त्याला कळलं की ते देवमासे आहेत, या दिवसांत येतात ते. दिसत एकही नव्हता. कोणी एक विचारत होता आणि कोणी एक बऱ्याच वेळानं उत्तर देत होता. तोंगियाला काही बोलावंसं वाटलं नाही. ही गोष्ट त्याच्या स्वतःच्याही लक्षात आली, आणि तो थोडा घाबरला.

परत येताना ते काठाच्या अगदी जवळ, दोन माणसं खोल पाण्यात थांबले. लोसानं हवेच्या काट्याकडे बोट केलं, अजून थोडी हवा आहे. तिनं तळावरची एक निळ्या ओठांची मोठी शिंपली दाखवली, मग एक कोळंबी. तोंगियाचं लक्ष नव्हतं. त्यानं मान वर करून पाण्याचं छत पाहिलं होतं, आणि ती मान त्यानं पुन्हा खाली केली नाही. लोसानं दोनदा खांद्याला हात लावला. तो पाठीवर आडवा होऊन वरच पाहत राहिला, सिलिंडरचा काटा तांबड्यावर येईपर्यंत.

*

वाटेच्या पायथ्याशी तो पाण्याबाहेर आला तेव्हा त्याचे एकशे एकतीस किलो तिथेच वाट बघत होते, अधिक लुपोचा मोजा. त्यानं वर पाहिलं. अख्खं गाव दोन्ही बाजूंना उभं होतं आणि त्याच्या हातांकडे बघत होतं. हात रिकामे होते. लोकांनी अवघडून झाडांकडे पाहायला सुरुवात केली.

तोंगियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो एक पायरी चढला. पहिले पाद्रीबुवा होते. काय करावं ते सुचेना, तेव्हा तो म्हणाला, "पाद्रीबुवा, खाली एक कासव झोपलं होतं. झोपेत वर यायचं आणि डोकं टेकून परत खाली जायचं."

पाद्रीबुवांचा चेहरा उजळला. "केवढं?"

तोंगियानं हात पसरून दाखवलं.

"फार मोठा वाटा झाला हा," पाद्रीबुवा म्हणाले, आणि मान लववून बाजूला झाले.

मग सगळ्यांना रीत कळली. लुपो पुढे आला. त्याला साप मिळाले, सगळे, तो डोळ्यात बघणारा धरून. "मी तुला सांगितलं होतं," लुपो म्हणाला, आणि लगेच मागच्या माणसाला आपले साप सांगायला लागला. मामेबहिणीला, म्हणजे नर्सला, आपलं वजन खाली उरलं नव्हतं हे दिलं; तिनं ते दवाखान्यात नोंदवता येत नसल्याची खंत व्यक्त केली. उन्हाचे पडदे पाद्रीबुवांच्या बायकोला गेले. वाटेच्या वरच्या टोकाला वासा म्हातारी तिच्या चटईवर बसली होती. तिचा नवरा चाळीस वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला तो आला नव्हता. ती कधी कोणाकडून वाटा मागायची नाही, आणि लोक तिलाच मोठा द्यायचे. तोंगिया तिच्यापुढे धापा टाकत बसला आणि त्यानं तिला देवमाशांचा आवाज दिला. एक विचारतो, दुसरा फार वेळानं उत्तर देतो.

"पण देतो ना?" म्हातारीनं विचारलं.

"देतो."

"बरं," ती म्हणाली, आणि तिनं त्याच्या ओल्या गालावर हात ठेवला.

घराच्या वळणावर आल्यावर तोंगियाच्या लक्षात आलं की त्यानं सगळं वाटून टाकलं आहे. कासव पाद्रीबुवांचं होतं. ते एव्हाना घरी पोचलं असेल. दिलेला मासा परत दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि बायकोला तर नाहीच नाही. ज्या एका माणसासाठी तो खाली गेला होता, ज्याच्या हो-नाहीवर घर, रेडिओ, लुपो, सगळं टांगलेलं होतं, त्याच्यासाठी रीतीप्रमाणे जे उरलं होतं ते त्याच्याजवळ एकच होतं. आणि ते कितपत मोजलं जाईल याची त्याला अजिबात खात्री नव्हती. तो कुंपणापाशी थांबला. पोटावरच्या पिवळ्या फुलांतून पाणी टपटप गळत होतं.

सिआले भट्टीवरची पानं बाजूला करत होती. वाफ होती. तिनं वर न पाहता विचारलं, "काय आहे तिथे?"

"एक कासव होतं. पाद्रीबुवांना दिलं."

"बरं केलंस."

"साप लुपोला दिले. ऊन पाद्रीबुवांच्या बायकोला. आवाज होता, तो वासा म्हातारीला."

सिआलेनं हात थांबवले. रीत तिलाही माहीत होती. "मग मला काय राहिलं?"

"एक राहिलंय. कोणी मागितलं नाही ते."

"बोल."

तोंगिया बोलायचा धंदा करणारा माणूस. पण त्याला सुरुवात सापडेना. "शेवटी आम्ही काठाजवळ थांबलो होतो," तो म्हणाला. "तिकडे, केवड्याच्या पलीकडे, जिथे वाट नाही. मी वर पाहिलं. तर काठावर तू उभी होतीस."

सिआलेनं एक गरम दगड चिमट्यानं उचलला आणि होता तिथेच परत ठेवला. "मी पानं आणायला गेले होते. भट्टीला."

"इतका वेळ?"

"मिळत नव्हती."

"पोटावर हात बांधून उभी होतीस. वाकून खाली बघत होतीस. पाणी हललं की तुझ्या कडा विरघळायच्या, आणि परत जमायच्या. बुडबुडे दिसले नाहीत की पुढे यायचीस. एकदा तर इतकी पुढे आलीस की मला वाटलं पडतेस." तो एक पाऊल पुढे आला. "मला हाक मारायची होती. तोंडात नळी होती."

"मग?"

"मग बघत बसलो. हवा संपेपर्यंत. लग्नाला एकतीस वर्षं झाली, सिआले, आणि एवढा वेळ मी तुला कधी बघितलं नव्हतं. दर वेळी मधेच बोलतो." त्याचा रेडिओचा आवाज कुठेतरी गेला होता. "एवढंच उरलंय. हे ऑकलंडला मिळतं की नाही ते तू ठरव. मला नाही ठरवता येत. मला इथून जायचं नाही, पण तू जिथे जाशील तिथे मी येईन, ते पण खालीच कळलं."

भट्टीतली वाफ बसत गेली. कुंपणावर लुपोची कोपरं आली होती, पण त्यानं, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच, ती हळूच मागे घेतली. सिआलेनं भाजलेलं अळू पानावर काढलं, फुंकर घातली, मोठा तुकडा तोंगियाच्या हातात दिला.

"एनेलीसीला फोन कर," ती म्हणाली. "बाळाला बघून यायला दोन महिने पुरतात. परतीची तिकिटं काढ म्हणावं."

तोंगियानं मान हलवली. अळू फार गरम होतं आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"मी नीट दिसत होते का रे?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"मधेमधे. निळा झगा होता तुझा. वरही सगळं निळंच."

"पुढच्या वेळी तांबडा घालते," सिआले म्हणाली.